शेतकऱ्याचा पोरगा आणि वेड्यांची घरं : डॉ. थॉमस कर्कब्राइड यांची गोष्ट

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. दरवर्षी त्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात एक बॅनर लागतो, फोटो होतो, आम्ही बातमी देतो आणि मोकळे होतो. आपल्याकडे तो दिवस बरोब्बर सोयाबीन काढणीत येतो, त्यामुळे कुणाला सवड नसते. मलाही नसते. पण यंदा संपादकांना म्हटलं, बॅनरची बातमी राहू द्या, मी एका माणसाची गोष्ट लिहितो.

गोष्ट लिहावी वाटली त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका वस्तीवर बातमीसाठी गेलो होतो. गोठ्यात दोन बैल, एक कालवड आणि त्यांच्या शेजारी एक पंचविशीचा पोरगा. पायात साखळी, साखळी खुंट्याला. मी मोबाईल काढून फोटो घेतला. त्याची आई आली आणि तिने हात जोडले. फोटो छापू नका, धाकट्या पोरीचं लग्न जमवायचंय, असं तिचं म्हणणं होतं. पोराला सोडला की तो विहिरीकडे पळतो, मग करायचं काय, हेही तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटो मी छापला नाही आणि दुसरंही काही केलं नाही. ते मनात राहून गेलं.

पुढे वाचायला लागलो, तेव्हा या कर्कब्राइडचं नाव भेटलं. माणूस अमेरिकेचा, मरून १४० वर्षं झाली. पण जन्माने शेतकरी. आणि त्या आईने मला जे विचारलं, तेच विचारणारी शेकडो माणसं त्याच्या दारात आली होती.

थॉमस स्टोरी कर्कब्राइड. जन्म ३१ जुलै १८०९. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात डेलावेअर नावाची मोठी नदी आहे, तिच्या काठी मॉरिसव्हिल गावाजवळ त्यांच्या घराण्याची शेती. घर क्वेकर पंथाचं. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती लोकांतला एक साधा पंथ. भपका नको, लढाई नको, प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे असं मानायचं. आपल्याकडच्या वारकऱ्यांची आठवण यावी असाच काहीसा भाव. गुलामगिरीच्या विरोधात तिथं सगळ्यात आधी उभी राहिलेली माणसं याच पंथातली.

थॉमसला डॉक्टर करायचं ठरलं. १८ वर्षांचा असताना नदीपलीकडच्या ट्रेंटन गावात निकोलस बेलव्हिल नावाच्या म्हाताऱ्या फ्रेंच डॉक्टरांच्या हाताखाली तो शिकायला लागला. त्या काळी अशीच पद्धत होती, आधी एखाद्या जाणत्या डॉक्टरच्या हाताखाली राहायचं आणि मग कॉलेजला जायचं. १८३२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरकीची पदवी मिळाली. मनात होतं सर्जन व्हायचं, चाकू-कात्रीचं काम करायचं. वेड्यांचा डॉक्टर होणं हे तेव्हा कुणाच्या स्वप्नात नसायचं. (वेडा हा शब्द मी इथे वापरतोय कारण त्या काळचा शब्द तोच. आज आपण मनोरुग्ण म्हणतो आणि तेच बरोबर आहे.)

पदवीनंतर नोकरी मिळाली ती फिलाडेल्फियाजवळ फ्रँकफर्ड इथल्या क्वेकर लोकांच्या मनोरुग्णालयात. एक वर्ष तिथं काढलं. त्या इस्पितळाची रीत वेगळी होती. मारायचं नाही, घाबरवायचं नाही, रुग्णाला कामात गुंतवायचं, बागेत फिरवायचं, माणसासारखं बोलायचं. ही रीत इंग्लंडमधल्या यॉर्क गावच्या क्वेकर लोकांकडून आली होती. नंतर दोन वर्षं कर्कब्राइड यांनी फिलाडेल्फिया शहरातल्या पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये काम केलं.

हे पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल फार जुनं, १७५१ चं. विजेवर प्रयोग करणारा बेंजामिन फ्रँकलिन हा ते उभं करणाऱ्यांपैकी एक. तिथं सुरुवातीपासून मनोरुग्ण ठेवत, पण तळघरातल्या कोठड्यांत. आणि ऐकून खरं वाटणार नाही, शहरातली माणसं वेडे बघायला यायची. जत्रेत पाळणा बघायला जावं तशी. इतकी गर्दी व्हायला लागली की इस्पितळाने प्रवेशाला पैसे लावले. आपल्या गावातही बसस्टँडवर एखादा भ्रमिष्ट माणूस दिसला की पोरं खडे मारतात आणि मोठी माणसं हसतात. तिकीट लावलेलं नाही एवढाच फरक.

पुढे इस्पितळाने ठरवलं की मनोरुग्णांसाठी शहराबाहेर वेगळी जागा करायची. स्कूलकिल नदीच्या पलीकडे शंभर एकरांवर जमीन घेतली, इमारत बांधली आणि १८४० मध्ये ३१ वर्षांच्या कर्कब्राइड यांना तिथं प्रमुख नेमलं. आदल्याच वर्षी ॲन जेंक्स यांच्याशी त्यांचं लग्न झालं होतं. सर्जन व्हायचं तिथंच राहिलं. जानेवारी १८४१ मध्ये नवीन इस्पितळ उघडलं. शहरातल्या तळघरातून आणि जुन्या इमारतीतून शंभराच्या आसपास रुग्ण तिकडे हलवले.

त्यानंतर हा माणूस ४३ वर्षं तिथून हलला नाही. कुटुंबासकट इस्पितळाच्या आवारातच राहिला. लोक इस्पितळाचं पूर्ण नाव घेतच नसत, नुसतं कर्कब्राइडचं म्हणत. अमक्याला कर्कब्राइडच्यात ठेवलाय, असं.

तिथं काय चालायचं ते जरा सविस्तर सांगतो. सकाळी ठरलेल्या वेळी उठणं, आंघोळ, जेवण. मग ज्याला जे जमेल ते काम. कुणी शेतात, कुणी बागेत, कुणी सुतारकामाला, बायका शिवणकामाला. फिरायला बाग, बघायला हरणं, वाचायला पुस्तकं. एक लहानशी गोल फिरणारी रेल्वेसुद्धा होती, रुग्णांनी बसायची. संध्याकाळी मॅजिक लँटर्न. म्हणजे काचेवरचं चित्र दिव्याच्या उजेडाने भिंतीवर मोठं करून दाखवायचं. सिनेमा यायला अजून पन्नास वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट. फिलाडेल्फियात लँगेनहाइम नावाचे दोघे भाऊ फोटोचा धंदा करायचे, त्यांच्या मदतीने काचेवरची छायाचित्रं रुग्णांना दाखवली जायची. कर्कब्राइड यांचं म्हणणं असं की मन भलत्या विचारात अडकलंय, त्याला दुसरीकडे वळवायला काहीतरी हवं, आणि संध्याकाळ ही सगळ्यात वाईट वेळ असते. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना हे पटेल. दिवस कसाही निघतो, दिवेलागणीनंतर कठीण होतं.

वॉर्डमध्ये काम करणाऱ्या माणसांसाठी त्यांनी लेखी नियम केले. रुग्णाशी अदबीने बोलायचं, त्याची टिंगल करायची नाही, त्याला खोटं सांगून फसवायचं नाही. हात उचलला तर नोकरीवरून जायचं.

औषधं मात्र फारशी नव्हतीच. आज मानसोपचारतज्ज्ञ देतात त्या गोळ्या शोधायला आणखी शंभर वर्षं लागणार होती. अफूपासून काढलेलं मॉर्फिन द्यायचे, झोपेसाठी, शांत करण्यासाठी. म्हणजे इमारत, माणसं आणि दिनक्रम हेच औषध. म्हणून कर्कब्राइड इमारतीच्या एवढे मागे लागले.

आता तेरा जणांची बैठक. १६ ऑक्टोबर १८४४. फिलाडेल्फियातल्या जोन्स हॉटेलात वेगवेगळ्या राज्यांतली मनोरुग्णालयं चालवणारे १३ डॉक्टर जमले. मॅसेच्युसेट्सचे सॅम्युअल वुडवर्ड, व्हर्जिनियाचे फ्रान्सिस स्ट्रिब्लिंग आणि जॉन गॉल्ट, ओहायोचे विल्यम ऑल, मेनचे आयझॅक रे, न्यूयॉर्कचे अमारिया ब्रिगॅम आणि प्लिनी अर्ल, असे. गाव कर्कब्राइड यांचं, त्यामुळे यजमानपण त्यांच्याकडे. त्यांनी संघटना काढली. नाव लांबलचक, अमेरिकेतल्या वेड्यांच्या संस्थांच्या वैद्यकीय अधीक्षकांची संघटना. वुडवर्ड अध्यक्ष झाले, कर्कब्राइड सचिव आणि खजिनदार. नफा कमावण्यासाठी नव्हे, आपापला अनुभव एकमेकांना सांगण्यासाठी आणि सरकारला एका तोंडाने सांगता यावं म्हणून. अमेरिकेतल्या सगळ्या डॉक्टरांची जी मोठी संघटना आहे ती १८४७ ची. म्हणजे हाडाच्या, पोटाच्या, तापाच्या डॉक्टरांच्या आधी या वेड्यांच्या डॉक्टरांनी देशपातळीवर संघटना केली. एकटा माणूस कोपऱ्यात काम करतो तेव्हा त्याचं कोण ऐकतं? दूध संघ नसताना दुधाला काय भाव मिळायचा ते जुन्या माणसांना विचारा.

पण त्यांचा सुरुवातीचाच एक ठराव ऐकून मी जरा थबकलो. इंग्लंडमध्ये तेव्हा जॉन कॉनोली नावाच्या डॉक्टरांनी हॅनवेलच्या मोठ्या इस्पितळात रुग्णांना बांधणं पूर्ण बंद केलं होतं. या तेरा जणांनी ठरवलं की बांधणं अगदी पूर्णपणे सोडून देणं हे रुग्णाच्या हिताचं नाही. कर्कब्राइड स्वतः शक्य तेवढं कमी बांधायचे, साखळी तर नाहीच, पण गरज पडली तर चामड्याचे पट्टे, हातमोजे, वेगळी खोली हे त्यांनी ठेवलं. मला ते गोठ्यातलं दृश्य आठवलं. त्या आईनेही हेच सांगितलं होतं, सोडला तर जीव देईल. कुणाचं चुकलं म्हणायचं? आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला बंदी केली आहे. त्याआधी २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका झोपडीवजा आश्रमात आग लागली आणि साखळीने बांधलेली २८ माणसं जागच्या जागी जळून गेली. त्यांना तिथं आणून सोडणारेही घरचेच होते, त्यांना वाटत होतं आपण भलंच करतोय.

तर पुन्हा फिलाडेल्फियाकडे. त्याच काळात डोरोथिया डिक्स नावाची एक शिक्षिका गावोगाव तुरुंग आणि गरीब-निराधारांची घरं तपासत फिरत होती. तिला दिसलं ते भयानक होतं. माणसं पिंजऱ्यात, तळघरात, खोपटात, थंडीत उघडीनागडी, साखळीत. तिने ते लिहून सरकारांपुढे मांडलं. कर्कब्राइड आणि तिची चांगली मैत्री. ती सरकारकडून पैसा मंजूर करून आणायची, आणि इस्पितळ कसं बांधायचं ते कर्कब्राइड सांगायचे. पहिलं असं इस्पितळ १८४८ मध्ये उघडलं ते ट्रेंटनला, जिथं ते डॉक्टरकीचे पहिले धडे शिकले होते. (डिक्सबाईंनी तर थेट देशाच्या सरकारकडे मनोरुग्णांसाठी १ कोटी एकरांहून जास्त जमीन मागितली होती. संसदेने मंजूरही केलं, पण १८५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी सही नाकारली. जमिनीचा विषय कुठंही सरळ सुटत नाही.)

१८५१ मध्ये संघटनेने कर्कब्राइड यांनी मांडलेले २६ नियम मान्य केले, इमारत कशी असावी याचे. शेतकरी असल्यामुळे मला हे वाचताना मजा आली, कारण घर बांधणारा शेतकरी जसा विचार करतो तसाच तो माणूस करतो. इस्पितळ मोठ्या शहरापासून किमान २ मैल लांब असावं, पण रस्ता बारमाही हवा. बाग आणि फिरण्यासाठी किमान ५० एकर जमीन, आणि २०० रुग्णांच्या सरकारी इस्पितळाला किमान १०० एकर. पाणी दिवसाला १० हजार गॅलन, म्हणजे जवळपास ३८ हजार लिटर, तेही सगळ्यात उंच मजल्यापर्यंत चढलं पाहिजे. एका माणसाची खोली ८ फूट बाय १० फुटांपेक्षा लहान नको, छत १२ फुटांच्या खाली नको, आणि बाहेरची हवा येईल अशी खिडकी नाही अशी एकही खोली नको. आराखडा आधी अशा डॉक्टरला दाखवायचा ज्याने स्वतः असं इस्पितळ चालवलंय. हा शेवटचा नियम तर आपल्याकडच्या बांधकाम खात्याला फ्रेम करून द्यावा असा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका इमारतीत जास्तीत जास्त २५० रुग्ण, त्यातही २०० असतील तर बरं. कारण प्रमुख डॉक्टरला प्रत्येक रुग्ण नावानिशी ओळखता आला पाहिजे.

१८५४ मध्ये त्यांनी हे सगळं पुस्तकात मांडलं. मधे मुख्य इमारत आणि दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखे मागे मागे सरकत गेलेले वॉर्ड, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे. असं केल्याने प्रत्येक वॉर्डाला दोन्ही टोकांकडून उजेड आणि वारा मिळतो. शांत रुग्ण मधल्या इमारतीजवळ, जास्त आरडाओरडा करणारे टोकाला. खिडकीचे गज गजासारखे दिसू नयेत म्हणून खिडकीची चौकटच लोखंडाची करायची आणि तिला लाकडासारखं रूप द्यायचं. आत कोंडलेल्या माणसाला तुरुंगात आहोत असं वाटू नये म्हणून. बघा, इतका बारीक विचार. या पद्धतीची सत्तरच्या वर इस्पितळं अमेरिकेत उभी राहिली.

दरम्यान १८४९ मध्ये त्यांच्यावर गोळी झाडली गेली. झाडणारा त्यांचाच एक जुना रुग्ण. कर्कब्राइड आपले वैरी आहेत असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. संध्याकाळच्या वेळी आवारातल्या एका झाडावर चढून तो दबा धरून बसला. गोळी टोपीतून आरपार गेली आणि डोक्याच्या कातडीत अडकली, कवटी फुटली नाही. टोपीने वाचवलं म्हणतात. काही दिवसांनी ते पुन्हा राउंडला निघाले. तो माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे, हेच मत त्यांनी ठेवलं. आवाराला बंदुकवाले पहारेकरी बसवून ते इस्पितळ काही त्यांनी तुरुंग केलं नाही.

१८६२ मध्ये पत्नी ॲन वारल्या. चार वर्षांनी त्यांनी दुसरं लग्न केलं ते एलायझा बटलर यांच्याशी. एलायझा एकेकाळी त्यांच्याच इस्पितळात रुग्ण होत्या आणि बऱ्या होऊन गेल्या होत्या. घराणं न्यूयॉर्कचं, मोठं. ५६-५७ वर्षांचा, नावाजलेला डॉक्टर आणि वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेली बायको. आज आपल्या तालुक्यात एखाद्या मुलीने साधी डिप्रेशनची गोळी घेतली हे कळलं तरी सोयरीक मोडते. हा माणूस वर्षानुवर्षं लोकांना सांगत होता की हा आजार बरा होतो, आणि त्याने घरात तसं करून दाखवलं. त्यांना चार मुलं झाली.

इथवर वाचून वाटेल देवमाणूसच की. तसं नाही.

एबेनेझर हॅस्केल नावाचा एक माणूस होता. घरच्यांशी त्याचा पैशावरून वाद. घरच्यांनी त्याला कर्कब्राइडच्यात दाखल केलं. तो ओरडून सांगत होता मी शहाणा आहे. वेडा माणूसही हेच सांगतो, मग ओळखायचं कसं? तो अनेकदा पळाला, अनेकदा पकडून आणला. १८६८ मध्ये भिंतीवरून उडी मारली आणि पाय मोडला. शेवटी प्रकरण कोर्टात गेलं आणि पंचांनी त्याला शहाणा ठरवलं. त्याने बाहेर येऊन पुस्तक छापलं, आतल्या पट्ट्यांची, थंड पाण्याच्या शिक्षेची चित्रं काढून. कर्कब्राइड आणि संघटना यांचं म्हणणं, हा नाहक बदनामीचा प्रकार. पण लोक बिथरले. १८६९ मध्ये पेनसिल्व्हेनियाने कायदा केला की माणसाला दाखल करायला दोन डॉक्टरांचा दाखला पाहिजे. जमिनीसाठी भावाला वेडा ठरवायची गोष्ट आपल्याकडे कुणी ऐकली नाही असं नाही. त्या तेरा जणांच्या संघटनेत सगळे डॉक्टर होते, तेही इस्पितळाचे प्रमुख. हाताखालच्या डॉक्टरांनाही तेव्हा जागा नव्हती, मग रुग्णाला कुठून असणार? रुग्णांसाठी बोलायचे, पण रुग्णाचं ऐकायची सोय त्यांनी केली नव्हती. हे माझं मत.

आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली.

बेल्जियम देशात गील नावाचं गाव आहे. तिथं डिम्फना नावाच्या संत बाईंचं देऊळ. शेकडो वर्षांपूर्वीपासून लोक आपल्या घरच्या वेड्या माणसाला तिथं आणायचे, आपल्याकडे नाही का अमक्या देवाला, तमक्या दर्ग्याला नेतात, तसंच. देवळात जागा पुरेना. मग गावातल्या शेतकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरात ठेवून घ्यायला सुरुवात केली. तो रुग्ण त्या घरातच राहायचा, जेवायचा, जमेल तसं शेतात काम करायचा. मोकळा. ही पद्धत आजही तिथं चालू आहे.

व्हर्जिनियाचे डॉ. जॉन गॉल्ट, त्या तेरा जणांतले वयाने सर्वांत लहान, त्यांनी १८५५ च्या सुमारास लिहिलं की आपण एवढ्या मोठ्या इमारती बांधतोय, पण त्यापेक्षा गीलसारखं करून बघूया, बऱ्याच रुग्णांना आसपासच्या शेतकऱ्यांच्या घरी ठेवता येईल. संघटनेच्या बैठकीत त्यांच्यावर सगळे तुटून पडले. गॉल्ट स्वतः हजरही नव्हते. तुटून पडणाऱ्यांत पुढे कर्कब्राइड. त्यांची भीती खोटी नव्हती. खेड्यात रुग्णाला कसं वागवतात ते डिक्सबाईंनी दाखवून दिलं होतं, कोपऱ्यात, गोठ्यात, पिंजऱ्यात. पैशासाठी शेतकरी रुग्ण ठेवून घेतील, राबवतील आणि उपाशी ठेवतील, असं वाटणं स्वाभाविक होतं. पण शेतकऱ्याच्याच घरात जन्मलेल्या माणसाने शेतकऱ्यावर एवढाही भरवसा ठेवू नये, हे वाचून मला वाईट वाटलं. मग गोठा आठवला आणि गप्प बसलो.

पुढे व्हायचं तेच झालं. इस्पितळं भरायला लागली. राज्य सरकारांना एकेक नवीन इमारत बांधण्यापेक्षा आहे त्यात माणसं कोंबणं स्वस्त. १८६६ मध्ये संघटनेनेच २५० ची मर्यादा सोडून ६०० ला मान्यता दिली. त्या वेळी अध्यक्ष स्वतः कर्कब्राइड होते, १८६२ ते १८७० अशी आठ वर्षं. त्यांचा विरोध होता, पण बहुमत पलीकडे गेलं. त्यात १८७० च्या दशकात जुने सहकारी प्लिनी अर्ल यांनी आकडे तपासले. सुरुवातीला सगळे अधीक्षक सांगायचे की लवकर आणलेल्या दहापैकी आठ-नऊ रुग्ण बरे होतात. अर्ल यांनी दाखवलं की एकच रुग्ण बरा होऊन जातो, परत येतो, पुन्हा बरा होऊन जातो, आणि तो दरवेळी नवीन बरा झालेला म्हणून मोजला जातो. बरे होण्याचा आकडा घसरला. आता सरकारला पैसा कमी करायला कारणच मिळालं.

कर्कब्राइड मागे हटले नाहीत. १८८० मध्ये पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली, वाढवून. तेच पुन्हा लिहिलं, लहान ठेवा, उजेड ठेवा, बरे होतात. १६ डिसेंबर १८८३ रोजी न्यूमोनियाने इस्पितळाच्या आवारातल्या घरातच गेले. वय ७४. तेव्हाही पदावर होते.

त्यांच्यामागे इमारतींचं फार वाईट झालं. न्यू जर्सीतल्या ग्रेस्टोन इस्पितळात १९५३ मध्ये साडेसात हजारांवर माणसं होती. जिथं २५० सांगितले तिथं! ट्रेंटनच्या त्या पहिल्या इस्पितळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री कॉटन नावाचे प्रमुख आले. वेडाचं मूळ शरीरातल्या पू-संसर्गात आहे असं त्यांनी ठरवलं आणि रुग्णांचे दात, टॉन्सिल, आतड्यांचे तुकडे काढत सुटले. कित्येक रुग्ण मेले. डिक्सबाईंनी शेवटचे दिवस त्याच ट्रेंटनच्या इस्पितळातल्या खोलीत काढले होते, १८८७ मध्ये तिथंच गेल्या. पुढचं बघायला त्या नव्हत्या ते बरं.

पन्नासच्या दशकात गोळ्या आल्या. मग मोठी इस्पितळं रिकामी व्हायला लागली आणि डॉक्टर आता म्हणू लागले की रुग्ण शक्यतो घरात, गावात राहिलेला बरा. म्हणजे गॉल्ट म्हणत होते त्याच्या जवळपास. फरक इतकाच की आता गोळी आहे आणि मागे डॉक्टर आहे.

तेरा जणांची संघटना टिकली. १८९२ मध्ये नाव बदललं, १९२१ मध्ये पुन्हा बदलून अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन झालं. कुठला मानसिक आजार कशाला म्हणायचं याचं त्यांचं पुस्तक १९५२ पासून निघतं आणि आपल्याकडचे मानसोपचारतज्ज्ञही ते वापरतात. आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांची संघटना, इंडियन सायकियाट्रिक सोसायटी, १९४७ ची, स्वातंत्र्याच्या वर्षातली.

कर्कब्राइड पद्धतीच्या बऱ्याच इमारती पाडल्या. ग्रेस्टोनची २०१५ मध्ये पाडली. बफेलो शहरातल्या एका इमारतीत हॉटेल काढलं. फिलाडेल्फियात १८५९ मध्ये त्यांनी पुरुष रुग्णांसाठी बांधून घेतलेली इमारत मात्र उभी आहे, ४९ व्या रस्त्यावर, कर्कब्राइड सेंटर या नावाने.

त्या वस्तीवर मागच्या महिन्यात पुन्हा जाऊन आलो. पोरीचं लग्न झालंय. पोरगा गोठ्यात नव्हता, ओट्यावर बसला होता, पायात काही नव्हतं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू आहेत, दर महिन्याला आई एसटीने जाऊन घेऊन येते. तिने चहा केला. पोरगा फारसा बोलला नाही, पण मी निघताना बैलांना पेंडी टाकायला उठला. या वेळी मी फोटो काढला नाही.

कुणाच्या घरात असा त्रास असेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत फोन सेवा आहे, नंबर १४४१६. रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.